रविवारी खेळू का?

एप्रिल लागला, फुटबॉलच्या स्पर्धा रंगात आल्या, की माझ्या क्लिनिकमध्ये एकच प्रश्न येतो. साधारण बुधवार-गुरुवारी, संध्याकाळचा सराव आटोपल्यावर. पोरगं लंगडत नसतं, उलट आत येताना मुद्दाम सरळ चालत असतं. सोबत मित्र असतो, नाहीतर तालमीतलं कुणीतरी मोठं. खुर्चीत बसायच्या आधीच विचारतं, "मॅडम, रविवारी खेळू का?"

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक आणि सासर शिवाजी पेठेत, माहेर मंगळवार पेठेत, आणि फुटबॉल दोन्हीकडं. वडील लेफ्ट बॅक खेळायचे. त्यांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर जायला लागले तेव्हा मला ऑफसाइड कळत नव्हतं, पण कुठल्या पेठेचा गोल झालाय ते आवाजावरून कळायचं. त्यामुळं सेमीफायनल म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला लागत नाही. त्या आठवड्यात पेठेत दुसरा विषय नसतो.

हाड मोडलं, लिगामेंट तुटलं, तर निर्णय बऱ्यापैकी सोपा असतो. पायच उभा राहू देत नाही. टेंडनचं दुखणं फसवं. स्नायू हाडाला जिथं बांधलेला असतो तो चिवट पट्टा म्हणजे टेंडन. टाचेच्या वरची जाड शीर, गुडघ्याच्या वाटीखालची, कोपराच्या बाहेरच्या बाजूची. ती दुखते आणि तरी खेळू देते. अंग गरम झालं की दुखणं कमी होतं, कधी कधी पूर्ण जातं. पोरगं सामना खेळतं, घरी येऊन जेवतं, झोपतं, आणि सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की सगळं वसूल होतं. म्हणून "गरम झाल्यावर दुखतच नाही बघा" हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही. बिघडलेलं टेंडन नेमकं तसंच वागतं.

गेल्या महिन्यात आलेल्या एका पोराबद्दल लिहिते. त्याची परवानगी घेतलीय, नाव आणि संघ मात्र लिहिणार नाही. वय २१, उजव्या बगलेतून खेळणारा विंगर, पळाला की बघत राहावं असा. डाव्या टाचेची शीर पाच-सहा आठवड्यांपासून दुखत होती. रविवारी सेमीफायनल.

मी आधी पायाला हात लावत नाही, सकाळ विचारते. उठल्यावर किती वेळ पाय आखडलेला असतो? जिना कसा उतरतोस? तो म्हणाला, "आडवा." त्याचं घर जुनं, जिना अरुंद आणि उभा. सकाळी भिंतीला हात लावून, एकेक पायरी आडवं उतरायचं. आधी दहा मिनिटांत पाय मोकळा व्हायचा, आता पाऊण तास लागतो. हे पाऊण तास त्यानं सहज सांगितले, पण माझ्यासाठी निम्मा निकाल तिथंच लागला. पाऊण तासापेक्षाही दहाचे पाऊण तास झाले, ही दिशा वाईट.

मग पाय बघितला. टाचेच्या हाडापासून चार बोटं वर, अंगठा आणि तर्जनीत शीर धरली. उजवीकडं ती पातळ आणि घट्ट लागत होती. डावीकडं तिथंच फुगवटा, जवळजवळ दुप्पट जाड, आणि दाबल्याबरोबर त्यानं पाय ओढून घेतला. क्लिनिकच्या दाराशी एक पायरी आहे, तिथं एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उजवा पाय पंचवीस वेळा, न थांबता. डावा अकराव्याला थरथरायला लागला, टाच पुरती वर जाईना, आणि तो ते लपवायला गुडघा वाकवून घेत होता. जागेवर एका पायानं उड्या मारायला लावल्या. दहापैकी किती दुखतंय? "पाच." मी त्याच्याकडं बघत राहिले. "सात असंल."

हे झालं कशानं? त्याला वाटत होतं नवीन बुटानं. त्याच्या वडिलांना वाटत होतं मैदानानं, उन्हाळ्यात ते टणक होतं म्हणून. दोन्हीत तथ्य असेल. पण मी त्याला आठवडा लिहून काढायला लावला आणि खरं कारण कागदावर आलं. पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं. भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. म्हणून पहाटे रस्त्यावर पळायचं, टाइम लावून. संध्याकाळी फुटबॉलचा सराव. वर सामने, आणि मार्चमध्ये ते एकापाठोपाठ एक आलेले. भरतीच्या सरांना फुटबॉलचा सराव किती होतो ते माहीत नव्हतं, फुटबॉलच्या सरांना पहाटेचं पळणं माहीत नव्हतं. शीर मात्र एकच. धावताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो, प्रत्येक पावलाला. एवढ्या ताणानंतर टेंडनच्या आत आधी थोडी मोडतोड होते, मग नवी बांधणी. जोरात काम झाल्यावर पहिला एक-दीड दिवस मोडतोडच वरचढ असते, बांधणी पुढं येते ती त्यानंतर. याच्या शीरेला तो दुसरा दिवस महिनोन्‌महिने मिळालाच नव्हता.

हे मी इतकं सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडं अशी पोरं खूप आहेत. कोल्हापुरात फुटबॉल खेळणारं आणि भरतीला पळणारं पोरगं पुष्कळदा एकच असतं.

दुसऱ्या दिवशी वडील आले आणि संघातले एक दादाही. वडिलांना भरती हवी होती. मैदानी चाचणी दोन-अडीच महिन्यांवर आलेली. दादांना सेमीफायनल हवी होती. पोराला दोन्ही हवं होतं, आणि तो एकविसाव्या वर्षी दुसरं काय मागणार?

दादा वाईट माणूस नाही. तालमींतून उभं राहिलेलं हे गाव आहे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान १९१२ साली बांधलं, तेव्हापासून दुखणं अंगावर घेऊन लढणाऱ्याला आपण डोक्यावर घेतो. आपल्या फुटबॉल संघांच्या नावात आजही 'तालीम मंडळ' आहे. त्या रीतीत वाढलेल्या माणसाला शीर दुखते म्हणून बसणं पटत नाही, यात मला नवल वाटत नाही. दादा म्हणाले, "मॅडम, पट्टी मारून द्या. एक इंजेक्शन मारलं की सुटतंय म्हणतात. एवढी मॅच काढू दे त्याला."

इंजेक्शनबद्दल मी कधीच गुळमुळीत बोलत नाही. टाचेच्या शीरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन सामना खेळायचा नाही. दुखणं थांबतं, आणि त्याच वेळी शीर आतून कमजोर होऊन तुटण्याचा धोका वाढतो. पेनकिलर खाऊन उतरायलाही माझा विरोध असतो, कारण ज्या दुखण्यावरून आपण मैदानावर अंदाज घेणार तेच झाकलं जातं. आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि लोक चकित होतात: गेल्या काही आठवड्यांत जुलाबाची, लघवीच्या जळजळीची गोळी घेतलीस का? सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकनं टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ मध्ये या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडं पोट बिघडलं की पोरं मेडिकलमधून या गोळ्या परस्पर आणून खातात. डॉक्टरांनी दिली असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण दुखत असलेल्या शीरेबद्दल त्यांना सांगा, आणि तेवढे दिवस जोरात पळू नका. या पोरानं काही घेतलेलं नव्हतं.

त्याच्या मित्रानं तोवर मोबाइलवर अमेरिकन बास्केटबॉलपटू केविन ड्युरँटचा व्हिडिओ काढला होता. २०१९ ची एनबीए फायनल. पोटरीच्या दुखापतीमुळं महिनाभर बाहेर असलेला ड्युरँट पाचव्या सामन्यात उतरला आणि त्याच सामन्यात त्याची टाचेची शीर तुटली. पुढचा अख्खा सीझन गेला. मित्राचं म्हणणं, "मॅडम, ह्याचं पण असंच हुईल न्हवं?"

इथं मला सोपी वाट होती. हो म्हणायचं, भीती घालायची, पोरगं बसलं असतं. मी तसं करत नाही, कारण ते खरं नाही. एकविसाव्या वर्षी, असं महिनाभर कुरकुरणारं टेंडन एका सामन्यात तटकन तुटण्याची शक्यता कमी असते. ज्यांची तुटते त्यांत तिशी-चाळिशीतले पुरुष जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी दुखलेलंही नसतं. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटून ते वळून बघतात आणि मागं कुणीच नसतं. पोराला खोटी भीती घातली आणि तो तरीही खेळला, काही तुटलं नाही, तर पुढच्या वेळी तो माझं खरंही ऐकणार नाही.

खरी किंमत वेगळी आहे, आणि तिचा व्हिडिओ निघत नाही. सामना खेळून होतो. शीर आणखी चिडते. मग पंधरा दिवस बसायचं, जरा बरं वाटलं की परत पळायचं, परत चिडते. सहा आठवड्यांचं दुखणं सहा महिन्यांचं होतं, मग वर्षाचं. वेग हळूहळू जातो. पहिली दहा पावलं जी झप्पकन निघायची ती निघत नाहीत आणि विंगरचं सगळं त्या दहा पावलांतच असतं. असे खेळाडू मी बघितलेत, पंचविशीत 'आता पहिल्यासारखं राहिलं नाही' म्हणणारे. यांची शीर तुटलेली नव्हती. ती कधी बरी होऊ दिलेली नव्हती.

वडील म्हणाले, "सचिन न्हाई का खेळला टेनिस एल्बो घेऊन?" खेळला. तेही टेंडनचंच दुखणं. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी सोडून तो नागपूरला तिसऱ्या कसोटीत उतरला. पण पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याला कोपराचं ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागपूरलाच, श्रीलंकेविरुद्ध, ९३ धावा काढून तो परतला. मी वडिलांना म्हटलं, सचिनच्या मागं पूर्ण टीम होती, तुमच्या पोराच्या मागं तुम्ही आणि मी.

आणि बसलं म्हणजे सुटलं असंही मी सांगत नाही. चीनचा लिउ शियांग, २००४ च्या ऑलिम्पिकमधला ११० मीटर अडथळा शर्यतीचा सुवर्णविजेता. २००८ ला बीजिंगमध्ये, घरच्या लोकांसमोर, टाचेच्या दुखण्यामुळं शर्यत सोडून गेला. २०१२ ला लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्याला धडकला आणि शीर तुटली. नुसती विश्रांती हा टेंडनवरचा उपचार नव्हे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. महिनाभर खाटेवर पडलेलं टेंडन आणखी कमजोर होतं. त्याला ताण लागतोच, पण मोजून. स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसनच्या गटानं १९९८ मध्ये टाच दुखणाऱ्या १५ हौशी खेळाडूंना पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम दिला, दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे. दुखलं तरी करायचा. सगळे परत पळायला लागले. २००७ मध्ये स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांच्या अभ्यासात ३८ जणांतल्या निम्म्यांना उपचार चालू असताना पळायला परवानगी दिली, निम्म्यांना पहिले सहा आठवडे पळणं-उड्या बंद. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच सुधारलेले. पळणाऱ्यांना अट होती: दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये.

मी निर्णय घेते तो या अटीवर. मैदानावर काय होतं त्यापेक्षा दुसऱ्या सकाळी काय होतं ते बघते.

आणि म्हणून माझं उत्तर दर वेळी 'नको' नसतं. याच सीझनमध्ये एक छत्तीस वर्षांचा डिफेंडर आला होता. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो, दिवसभर उभा. त्याची शीर तीन वर्षं जाड आहे, पण शांत आहे. सकाळी पाच मिनिटं आखडते, मग काही नाही. टाच उचलायला दोन्ही पाय सारखे. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी जरा दुखतं, तिसऱ्या दिवशी नाही. हा त्याचा शेवटचा सीझन. वयामुळं तुटण्याचा धोका त्याला त्या पोरापेक्षा जास्त, हे मी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. तुटली तर सहा ते बारा महिने, फाउंड्रीचं काम बंद, पगाराचं काय ते आधी ठरवा. त्यांनी घरी जाऊन ठरवलं. वहिनींनी फोन करून सांगितलं, "खेळू दे त्यांना, हा एक सीझन. आम्ही बघतो." बुटात टाचेखाली छोटी पट्टी, सामन्यांमध्ये तीन दिवसांचं अंतर, आठवड्यातून एकच जोराचा सराव. तो खेळला, सगळे सामने. मला त्याचा आनंद झाला आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

या पोराचं सगळंच उलट. शीर चिडलेली, दर आठवड्याला वाढणारी, पाय निम्म्या ताकदीचा. समोर भरती. आणि सीझन शेवटचा नाही, अजून दहा-बारा सीझन आहेत त्याच्यापुढं.

मी त्याला एकट्याला आत घेतलं. हे मी नेहमी करते. वडील आणि दादा बाहेर असताना पोरं वेगळं बोलतात. विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं? कुणालाच सांगणार नाही." बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मॅडम, परवा सरावात बॉल पुढं टाकला आणि मी थांबलो. पाय निघलाच न्हाई. कुणाला दिसलं नाही." म्हणजे त्याला माहीत होतं. रविवारी बॉल पुढं पडला असता तेव्हाही पाय निघाला नसता, आणि संघ दहा जणांनिशी खेळला असता. दादांना पटवायला हाच मुद्दा कामी आला, टेंडनचं शास्त्र नाही.

मी सांगितलं: रविवारी खेळायचं नाही. सरांना आजच सांगायचं, गुरुवारीच, म्हणजे त्यांना दुसरा विंगर तयार करायला दोन दिवस मिळतील. ड्रेसिंग रूममध्ये बूट घालताना सांगितलं तर तो संघावर अन्याय. आणि हे मी नव्हे, त्यानं सांगायचं. तो गेला, सांगून आला. सर चिडले, पण आदल्या दिवशी न चिडता गुरुवारी चिडले.

रविवारी मी स्टेडियमवर होते. त्याच्या जागी अठरा वर्षांचं पोरगं खेळलं, चांगलं खेळलं. सामना टायब्रेकरवर गेला आणि आम्ही हरलो. 'आम्ही' लिहितेय, कारण तो माझ्याही पेठेचा संघ. गॅलरीत माझ्या मागं कुणीतरी त्याचं नाव घेऊन म्हणालं, "भरतीसाठी राखून ठेवलाय पाय." तो समोर बेंचवर ट्रॅकसूटमध्ये बसलेला. मी मागं वळून त्या माणसाला सांगितलं की त्याला मी बसवलंय, काय बोलायचं ते मला बोला. तो गप्प झाला.

तो असता तर जिंकलो असतो का, मला माहीत नाही. कदाचित उतरला असता, तासभर रेटला असता, पायाला काहीच झालं नसतं. ही शक्यता मी नाकारत नाही. पण तेव्हा समोर जे होतं त्यावरून मी आजही तेच सांगेन.

सध्या तो एका दिवसाआड टाच उचलण्याचा व्यायाम करतो, पाठीवर सॅकमध्ये १० किलो तांदूळ घेऊन, सावकाश, तीन सेकंद वर आणि तीन सेकंद खाली. मधल्या दिवशी सायकल. पळणं एक मिनिट पळ, एक मिनिट चाल असं सुरू केलंय. डावा पाय अकरावरून एकोणीसवर आलाय, आखडणं पंधरा मिनिटांवर. भरतीच्या सरांचा आणि फुटबॉलच्या सरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्या वडिलांनी केलाय. रात्री झोपायच्या आधी पोरगं त्यात दोनच गोष्टी टाकतं: आज किती पळालो, आणि सकाळी किती दुखलं होतं. १६०० मीटर टाइम लावून अजून पळालेला नाही. दुसरी सकाळ सलग दोन आठवडे शांत गेली की पळवीन.